नाव न छापणाऱ्या एस्थरबाई

एस्थरबाईंची आणि माझी ओळख वेंटवर्थव्हिलच्या एका किराणा दुकानात, कणकेच्या रिकाम्या फळीसमोर झाली. साथीचे ते अगदी सुरुवातीचे आठवडे होते. पश्चिम सिडनीतल्या तमाम भारतीयांनी एकाच सकाळी कणीक आणि तूरडाळ उचलून नेली होती, आणि मी उरलेल्या रव्याची एक पुडी हातात धरून उभी होते. पलीकडे एक उंच, काळ्या वर्णाच्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाई वही काढून दुकानदाराला प्रश्न विचारत होत्या. दुकानदार गुजराती. चिडला की त्याचं इंग्रजी आटायचं, आणि त्या दिवशी तो सकाळपासून चिडलेलाच होता. तो हिंदीत सुरू झाला आणि मी कुणी न सांगता दुभाषी झाले. तो बराच वेळ बोलला. मी दोन वाक्यांत उरकलं, "माल आहे म्हणतात, पण ट्रक येत नाहीत. गिऱ्हाइकांनी जरा धीर धरावा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ते याहून खूप जास्त बोलले. तुम्ही काय गाळलंत?"

"शिव्या," मी म्हटलं. "आणि त्यांच्या मेव्हण्याविषयीचा मजकूर."

"उपसंपादक होतात का कुठे?"

होते. पुण्यात एका मराठी दैनिकात दहा-बारा वर्षं कात्री चालवली होती. पुढे नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमागे इथे आले आणि कात्री कोथिंबीर चिरायला वापरू लागले. एस्थरबाईंनी तिथेच, रव्याच्या पुडीवर, आपला फोन नंबर लिहून दिला. पंधरा दिवसांत मी त्यांच्या छोट्याशा ऑनलाइन साप्ताहिकात काम करू लागले. ते साप्ताहिक इंग्रजीत आणि आमच्या भागातल्या आणखी काही भाषांत निघतं, आणि एस्थरबाई त्याच्या संस्थापक-संपादक आहेत.

यंदा त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त आम्ही सहकाऱ्यांनी हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहायचं. "माझ्यासाठी लिहू नका, तुमच्या घरच्यांना वाचता येईल असं लिहा." म्हणजे हा लेख त्यांना स्वतःला वाचता येणार नाही. त्यामुळे मी थोडी सैल सुटले आहे. अर्थात त्या कुणाला तरी गाठून तो वाचून घेतीलच, आणि मी काय गाळलं तेही विचारतील.

बाईंचा जन्म घानातला. वडील डॉक्टर. ते इथल्या टूवूंबा या शेतीवाडीच्या गावातल्या रुग्णालयात नोकरीला आले तेव्हा एस्थरबाई शाळकरी होत्या. शाळेत त्यांच्यासारखी दुसरी कुणी नव्हती. मुली त्यांच्या केसांना हात लावून बघत, आणि बाईंच्याच शब्दांत सांगायचं तर, 'मेंढीची लोकर तपासावी तशा' बघत. पुढे तिथल्या एका स्थानिक दैनिकात नोकरी मिळाली, तेव्हा संपादकांनी त्यांना शेतीचं पान दिलं. राजकारणावर लिहायचं असेल तर नंतर बघू म्हणाले. गव्हाचे भाव, मेंढ्यांची कातरणी, गुरांचे लिलाव. त्या पानाच्या म्हाताऱ्या प्रमुखाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की वळूच्या मालकाशी बोलण्याआधी वळू बघून ये. बाई म्हणतात, राजकीय पत्रकारितेचं सगळं शिक्षण तेवढंच, बाकी सगळी भर.

हे नुसतं बोलणं नाही, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. लसीकरण सुरू झालं तेव्हा एका पुढाऱ्यांनी ऑनलाइन पत्रकार परिषदेत सांगितलं की आपल्या भागात रांगा नाहीत. एस्थरबाई त्याच सकाळी त्या रांगेत उभ्या राहून आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "रांग नाही, तर मी तीन तास कशात उभी होते?" पुढाऱ्यांनी काहीतरी गोड उत्तर दिलं. बहुतेक पत्रकार तिथे थांबले असते. बाईंनी दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा. नंतर मला म्हणाल्या, "राजकारण्यांना दमलेले पत्रकार फार आवडतात. दमलेला माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही."

दमण्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या सोमवारच्या ऑनलाइन बैठकीबद्दल सांगायला हवं. सगळीकडे संपादकीय बैठक 'या आठवड्यात काय देणार' इथून सुरू होते. आमची 'या आठवड्यात काय सोडणार' इथून सुरू होते. प्रत्येकाने आठवड्यापुरती एक गोष्ट सोडायची, आणि ती सगळ्यांसमोर सांगायची. पहिल्या सोमवारी माझी पाळी आली तेव्हा मी पडद्यावर ताठ बसून जाहीर केलं, "मी चहा सोडते."

एस्थरबाई चक्रावल्या. "चहाने तुमचं काय वाकडं केलंय?"

मी त्यांना चातुर्मास समजावून सांगितला. कुणी वांगं सोडतं, कुणी गोड सोडतं, आणि सोडायचं तर ते आवडीचंच, नाहीतर त्याला अर्थ काय. त्यांनी मन लावून ऐकलं. मग म्हणाल्या, "सुंदर आहे. पण इथे आपण नावडतं सोडतो. जे आपल्याला खातं आणि तरी सुटत नाही, ते. करून बघा, चहापेक्षा जड जातं."

जड गेलंच. उठल्याउठल्या आमच्या मराठी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप वाचणं सोडायला मला महिना लागला. बाई स्वतः काय सोडत? बहुतेक वेळा टीव्हीवरची एखादी चर्चा. जगात कुठेही वंशभेदाची ठिणगी पडली की इथल्या वाहिन्यांचे फोन त्यांना येतात. "रंगाचा विषय निघाला की माझा फोन वाजतो. बजेटचा निघाला की वाजत नाही. मला बजेट जास्त कळतं," असं त्या हसत सांगतात, पण त्यामागचा थकवा लपत नाही. एकदा कुणा निवेदकाने इथल्या मूळ रहिवाशांच्या प्रश्नावर त्यांचं मत मागितलं. त्यांनी थेट प्रक्षेपणात सांगितलं की या देशात त्या प्रश्नावर बोलण्याचा पहिला मान ज्यांचा आहे त्यांचे नंबर माझ्याकडे आहेत, कार्यक्रम संपला की देते, आज त्यांना का नाही बोलावलं? त्या वाहिनीने त्यांना पुढे बरेच दिवस बोलावलं नाही. त्या दिवसांत त्या दुपारी जेवून शांत झोपत. दुपारी दुकानं बंद करून झोपणारं एक आख्खं शहर माझ्या माहितीत आहे, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना पुण्याबद्दल जो आदर वाटला तो अजून टिकून आहे. "दुपारची 'आर्वो नॅप' आणि वर गिऱ्हाइकावर राग? किती सुधारलेले लोक!" मी त्यांचा हा गैरसमज दूर केलेला नाही.

आमच्या मराठी मंडळींत त्यांना घेऊन जायला मी सुरुवातीला कचरत होते, हे लिहायला हवं. काळ्या रंगाबद्दल आपण काय बोलतो ते आपल्याला ठाऊक आहे. मुलगी सावळी झाली की आपण आधी 'पण' म्हणतो आणि मग नाकीडोळी नीटस असल्याचं सांगतो. दोन लाटांच्या मधल्या संक्रांतीत, निर्बंध जरा सैल झालेले असताना, एका मैत्रिणीने हळदीकुंकू केलं आणि एस्थरबाईंना आग्रहाने बोलावलं. बाई हिरवा झगा घालून वेळेच्या आधी हजर. मैत्रीण कुंकवाचा करंडा घेऊन त्यांच्यापर्यंत आली आणि अडखळली. मला कानात विचारलं, "अगं, यांचे मिस्टर?"

बाईंचे पती जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. मी तिला तेवढंच कानात सांगितलं. एस्थरबाईंनी ते टिपलं आणि काय कुजबुज चालली आहे ते सांगा म्हणाल्या. त्यांना खोटं सांगणं अवघड असतं, म्हणून मी खरं सांगितलं. त्या मोठ्याने हसल्या. "म्हणजे माझ्या रंगामुळे नाही? या देशात पहिल्यांदाच मला कुणी दुसऱ्या कारणासाठी दारात अडवलंय!" मग हसू ओसरलं आणि त्यांनी मैत्रिणीला हळू आवाजात विचारलं, "तुमच्या आईंना मिळायचं का हे?" मैत्रिणीचे वडील ती लहान असतानाच गेले होते. तिने नकारार्थी मान हलवली आणि करंड्यात बोट बुडवलं. घाईत कुंकू कपाळाऐवजी भुवईवर टेकलं. बाईंनी ते तसंच मिरवलं. माझ्याबरोबर आलेली माझी लेक घरी येताना म्हणाली, "आई, शी डिडन्ट ईव्हन वाइप इट." बायकांच्या प्रश्नांवर एस्थरबाईंनी पुष्कळ लिहिलं आहे, पण मला मैत्रिणीच्या आईबद्दलचा त्यांचा तो एक प्रश्नच आधी आठवतो.

मग भारतात दुसरी लाट आली आणि माझे वडील गेले. विमानं बंद होती. मी फोनच्या पडद्यावर सगळं पाहिलं. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही. एस्थरबाईंनी मला फोन केला नाही. त्या गाडी घेऊन आल्या, घडीची खुर्ची आमच्या ड्राइव्हवेवर मांडून लांब बसल्या आणि म्हणाल्या, "वडिलांबद्दल सांगा. मला वेळ आहे." मी सांगत राहिले. जाताना त्यांनी दारात एक डबा ठेवला. त्यांच्या आईच्या पद्धतीचा शेंगदाण्याचा रस्सा होता, आत रताळी आणि वर तिखट. "यात कोंबडी घातलेली नाही. माझ्या आईला कळलं तर ती मला घराबाहेर काढेल," म्हणाल्या. डबा उघडला तर साक्षात उपासाची दाण्याची आमटी. मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या ती खाल्ली आणि तेव्हा मला पहिल्यांदा रडू फुटलं.

पण एस्थरबाई म्हणजे काय ते मला पुरतं कळलं त्याच वर्षीच्या, इथे जून-जुलैत येणाऱ्या हिवाळ्यात.

आमच्या भागात कडक टाळेबंदी होती. एका वृद्धाश्रमात संसर्ग शिरला, काही म्हातारी माणसं दगावली. सरकारी निवेदनात एवढंच होतं की दोन आश्रमांत काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्यामार्फत तो पसरला असावा. झालं. कोण ती, कुठल्या देशाची, कुठे राहते, याचे अंदाज सुरू झाले. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर 'आफ्रिकन असणार' असं ठरलंसुद्धा. आणि त्याच दुपारी मला एका मराठी मुलीचा फोन आला. मुलगी म्हणजे दोन लेकरांची आई, पेशाने परिचारिका, मंडळाच्या कार्यक्रमात ओळख झालेली. मला ताई म्हणते.

"ताई, ती मीच आहे हो," ती म्हणाली. "घसा दुखतोय म्हणून मी शिफ्टच्या आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, ड्यूटीच्या रोस्टरला दुसरं कुणी नाही, मास्क घालून ये. आम्ही कॅज्युअल, रोजंदारीवरच्या, एकदा नाही म्हटलं तर पुढच्या वेळी बोलवत नाहीत. ताई, माझं नाव येईल का पेपरात? मुलांच्या शाळेत कळेल. आणि ते आजोबा... मी त्यांना रोज दाढी करून द्यायचे."

मी रात्री जागून बातमी लिहिली. चांगली लिहिली होती, कुणाचंही मन हेलावेल अशी. नाव अर्थातच नव्हतं. एस्थरबाईंनी ती वाचली आणि कात्री काढली. 'भारतीय वंशाची' कापलं. मग उपनगर कापलं. मग 'दोन मुलांची आई'.

"ते राहू द्या," मी भांडले. "त्यानेच लोकांना तिची दया येईल."

"दया दोन दिवस येईल. इंटरनेटवर ती जन्मभर राहील," त्या म्हणाल्या. "आणि गोऱ्या डॉक्टरांविषयी लिहिताना आपण मुलं मोजतो का?"

"मग उरलं काय?"

"रोस्टर उरलं. बातमी तीच आहे."

आणि बातमी तशीच गेली. आजारी माणसाला कामावर बोलावणारी, एकाच बाईला दोन ठिकाणी पळवणारी पद्धत, कोण ती ठरवतो, कुणाचा त्यात फायदा. ती अनेकांनी उचलली. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. त्या बाईशी एस्थरबाईंच्या साप्ताहिकाचा संपर्क आहे हे सगळ्यांना कळलं.

त्या काळात व्यायामासाठी एका व्यक्तीबरोबर फिरायची मुभा होती. एका शुक्रवारी मी आणि बाई घराजवळच्या ओढ्याकाठी चालत होतो, तेव्हा त्यांना फोन आला. एका मोठ्या दैनिकाचे संपादक. बाईंचा शनिवारचा स्तंभ त्या दैनिकात कित्येक वर्षं चालू होता. घराघरांत एस्थर हे नाव पोचलं ते त्या स्तंभामुळे. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"नाव छापायला मी सांगतच नाही," संपादक म्हणाले. "तिला फक्त बोलती करा. पुढच्या शनिवारी तिची मुलाखत, तुमच्या सहीने. तुमच्यासारख्या स्त्रीशी ती बोलेल. तुमचं दुःख सारखं आहे."

"म्हणजे तिचं दार उघडायला तुम्हाला माझा रंग हवाय."

"एस्थर, सगळं शहर विचारतंय. शनिवारी हा विषय नसेल, तर स्तंभाला अर्थ काय राहिला?"

बाई थांबल्या. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. मी घाबरून त्यांच्याकडे बघत राहिले. त्या शांतपणे म्हणाल्या, "नो वरीज, मेट. मग नसू दे," आणि फोन बंद केला. पुढचा रस्ताभर त्या मॅगपाय पक्ष्यांबद्दल बोलत होत्या.

सोमवारी बैठकीत त्यांची पाळी आली. त्या म्हणाल्या, "मी स्तंभ सोडते आहे. आठवड्यापुरता नाही, कायमचा." मी म्हटलं की हे तर तुमच्या आवडीचं होतं, नियम मोडताय. त्यावर म्हणाल्या, "आवडीचं होतं. शुक्रवारपासून मला खायला लागलं." त्यांनी कारण कुठे लिहिलं नाही, कुणाला मुलाखत दिली नाही. अनेक वाचकांना आजही वाटतं की त्या थकल्या म्हणून थांबल्या. सगळ्यांत वाचला जाणारा त्यांचा आवाज त्यांनी एका अनोळखी बाईसाठी बंद केला, आणि तिला ते कळूही दिलं नाही. मला याचं अजून वाईट वाटतं आणि अभिमानही वाटतो. दोन्ही एकदमच वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

तिला ते मीच सांगितलं, परवा, या लेखाच्या निमित्ताने. मग म्हणाली, "ताई, या पुस्तकात माझं नाव घाला. त्यांना द्यायला माझ्याकडे दुसरं काय आहे?"

मी हे एस्थरबाईंच्या कानावर घातलं. मला वाटलं होतं त्यांना भरून येईल. त्यांनी लगेच विचारलं, "हे माझ्यासाठी आहे की तिच्यासाठी? माझ्यासाठी असेल तर छापू नका. कुणाच्या वाढदिवसाला कुणी आपलं नाव देऊ नये."

"आणि तिच्यासाठी असेल तर?"

"तर नीट छापा. तिला हवं तसं. आणि मग कात्री लावू नका."

मी निरोप पोचवला. तिने विचार करायला वेळ मागितला. काही दिवसांनी ड्यूटीवरूनच फोन केला. मागे ट्रॉलीचा आवाज आणि कुणा आजींची हाक ऐकू येत होती.

"मुलांना विचारलं. मोठा म्हणाला, इट्स युअर नेम, मम," ती म्हणाली. "ताई, तेव्हा ते आलं असतं तर लोकांनी माझ्याकडून ओढून घेतलं असतं. आता मी देतेय. माझ्यासाठीच. आणि वडिलांचं नको, नवऱ्याचंही नको. आईचं लावा. नर्सिंगला मला तिने पाठवलं, बाकी सगळे नको म्हणत होते."

एस्थरबाईंनी पुढची पुष्कळ वर्षं ठणठणीत तब्येतीने जगावं, मनाजोगतं काम करावं आणि मनात नसेल तेव्हा खुशाल करू नये, अशी प्रार्थना मी या लेखाच्या शेवटी करते. ती मी एकटी करत नाही. माझ्याबरोबर ती करते आहे त्या वृद्धाश्रमातली परिचारिका, आजही त्याच कामावर असलेली, वैशाली सुमन.